नाचणाऱ्यांचे शब्द आणि कायद्याचा शब्द

जपानमध्ये रात्रीच्या धंद्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात 2016 च्या जून महिन्यापर्यंत ‘क्याकु नि दान्सु ओ सासेरु एइग्यो’ असा एक शब्दप्रयोग होता. त्याचे मराठी करायला बसले की पहिली अडचण क्रियापदापाशीच येते. ‘सासेरु’ हे प्रयोजक रूप आहे आणि त्यात ‘करू देणे’ व ‘करायला लावणे’ हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्यामुळे ‘गिऱ्हाइकाला नाचू देणारा व्यवसाय’ असे म्हटले तरी चालते आणि ‘गिऱ्हाइकाला नाचवणारा व्यवसाय’ असे म्हटले तरी चालते. मराठी माणसाला या दोन वाक्यांमधला फरक समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात नाचणारा स्वतःच्या पायांचा मालक असतो, दुसऱ्यात त्याला नाचवणारा कुणी मदारी असतो. कायद्याने हा फरक केला नाही. ‘दान्सु’ म्हणजे कोणता नाच, हेही त्याने उलगडून सांगितले नाही.

गंमत अशी की ज्या काळात कायदा या एका उसन्या शब्दावर भागवत होता, त्याच काळात तोक्योच्या डिस्को आणि क्लबांमधली विशी-बाविशीची मुले-मुली आपल्या नाचासाठी, त्याच्या तुकड्यांसाठी, त्या नाचाच्या संगीतासाठी, जागेसाठी आणि तिथे येणाऱ्या माणसांच्या जातकुळीसाठी नेमके शब्द घडवत होती. हे शब्द थिल्लर समजले गेले. पोलिसांनी, वर्तमानपत्रांनी आणि बऱ्याच काळापर्यंत अभ्यासकांनीही त्यांच्याकडे पोरखेळ म्हणून पाहिले. माझे म्हणणे असे आहे की एखाद्या उपसंस्कृतीविषयी समाजाला काही निर्णय करायचा असेल, मग तो बंदीचा असो वा परवान्याचा, तर त्या लोकांची शब्दसंपत्ती हा पहिला पुरावा मानला पाहिजे. पारापारा या नाचाच्या शब्दांकडे पाहिले की ते का, हे दिसते.

‘पारापारा’ हा मुळात अनुकरणवाचक शब्द आहे. आपल्याकडे जशी भुरभुर, टपटप, फडफड ही मंडळी आहेत, तशीच जपानी भाषेत अशा द्विरुक्त शब्दांची मोठी बिरादरी आहे. पावसाचे तुरळक थेंब पडतात ते पारापारा. पुस्तकाची पाने अंगठ्याखालून सर्रकन सोडली तर तेही पारापारा. परतलेल्या भाताचा दाणा न् दाणा मोकळा झाला तर तोही पारापाराच. नाचाला हे नाव कसे मिळाले याबद्दल एकमत नाही. गाण्यातल्या सिंथेसायझरच्या धूनेला तोंडाने दिलेले ते बोल असावेत, असे एक मत आहे. ते खरे असो वा नसो, नाव चपखल बसले आहे, कारण या नाचात पाय जवळजवळ काहीच करत नाहीत. एक पाऊल उजवीकडे, एक डावीकडे, जागच्या जागी, गाणे संपेपर्यंत. सगळे काम हातांचे असते. हात छातीपुढे एकमेकांवरून जातात, तळवे उलटतात, मनगटे फिरतात, कोपर बाहेर निघून परत आत येते आणि हे सारे रांगेत उभी असलेली पन्नास माणसे एकाच क्षणी, एकाच दिशेला तोंड करून करतात. कुणी कुणाचा जोडीदार नसतो. स्पर्श तर नसतोच.

यातल्या प्रत्येक गाण्याची हस्तमुद्रांची मालिका ठरलेली असते आणि त्या मालिकेला म्हणतात ‘फुरी’. हा शब्द मला या सगळ्या कोशातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘फुरु’ म्हणजे हलवणे, झुलवणे. त्यापासून आलेला ‘फुरी’ हा शब्द क्लबातल्या मुलांनी शोधलेला नाही. जपानच्या पारंपरिक नृत्याचे शास्त्र सांगणारे लोक नृत्याची तीन अंगे मानतात, माई, ओदोरी आणि फुरी. काबुकीच्या रंगमंचावर नृत्यरचना करण्याला ‘फुरित्सुके’ म्हणजे फुरी जोडणे असे म्हणतात. म्हणजे नाचाचा अर्थ ठरवणाऱ्या कायद्याने इंग्रजीतून ‘डान्स’ उचलला, आणि ज्यांच्यावर विदेशी नखऱ्यांचा आरोप होत असे त्या पोरांनी काबुकीचा शब्द वापरला. मला हा योगायोग वाटत नाही. कायद्याला नाच बाहेरून मोजायचा होता, तिथे कुठलाही ढोबळ शब्द चालण्यासारखा होता. मुलांना तो एकमेकांना शिकवायचा होता, आणि शिकवायला ढोबळ शब्द उपयोगी पडत नाही.

शिकवण्याचे हे प्रकरण मी स्वतः अनुभवले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझी मुलगी ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, पाहते, आणि डोंगरातल्या घाटरस्त्यांवर गाड्या पळवणाऱ्या मुलांच्या ‘इनिशियल डी’ या 1998 च्या मालिकेतून ही गाणी आमच्या घरात आली. त्यांतल्या एका गाण्याची फुरी आम्ही शिकायला घेतली. ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला आणि पडद्यावरच्या बाईंच्या मागोमाग हात हलवायला लागलो. अर्ध्या तासात माझी दमछाक झाली आणि हाती काही लागले नाही, कारण मी अडीच-तीन मिनिटांचा तो नाच एकसंध वस्तू समजून गिळायला निघालो होतो. मग शोधता शोधता कळले की जपानी लोक गाण्याचे तुकडे कसे पाडतात: सुरुवातीचा ‘इन्तोरो’, मग ‘ए-मेरो’, मग ‘बी-मेरो’, मग ‘साबी’. मेरो म्हणजे मेलडीचे अर्धे केलेले रूप. ए-मेरोत गायक कहाणी सुरू करतो, बी-मेरोत सूर वर चढायला लागतो, आणि साबी म्हणजे गाण्याचा तो भाग जो ऐकून घरी गेल्यावरही डोक्यातून जात नाही. आपण ज्याला मुखडा किंवा धृपद म्हणू त्याच्या जवळचा. हे चार शब्द हाती आल्यावर तोच नाच चार छोट्या पाठांचा झाला. दुसऱ्यांदा येणारा ए-मेरो पहिल्यासारखाच असतो हे कळल्यावर निम्मे ओझे उतरले. शब्दांनी नाच सोपा केला नाही, पण तो लक्षात ठेवता येण्याजोगा केला, आणि जो नाच लक्षात राहतो तोच एका पिढीकडून दुसरीकडे जातो.

संगीताच्या नावाचीही एक कथा आहे. पारापारा ज्या गाण्यांवर नाचतात त्यांना जपानमध्ये ‘युरोबीट’ म्हणतात. 1980 च्या दशकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये हा शब्द इतर दहा नावांपैकी एक म्हणून सैलपणे वापरला जाई आणि लवकरच तिथून तो जवळपास नाहीसा झाला. जपानी तबकडी-कंपन्यांनी मात्र तो उचलून एका विशिष्ट प्रकारच्या संगीतावर कायमचा चिकटवला: मिनिटाला सुमारे दीडशे ते एकशे साठ ठोके, लखलखीत सिंथेसायझरची धून आणि गळा फाडून गायलेली इंग्रजी साबी. ही गाणी तयार होत उत्तर इटलीत, मान्तोव्हा आणि ब्रेशा यांच्या परिसरातल्या स्टुडिओंमध्ये, आणि ती विकली जात मुख्यतः जपानमध्ये; ज्या देशात ती घडत, तिथल्या लोकांना त्यांचा पत्ताही नसे. एकच गायक चार-सहा टोपणनावांनी गात असे. एवेक्स कंपनीची ‘सुपर युरोबीट’ ही क्रमांकित मालिका 1990 च्या जानेवारीत सुरू झाली आणि 2018 मध्ये अडीचशेव्या खंडापर्यंत पोचली. नाचणाऱ्यांनी या शब्दाचेही लाडके आखूड रूप केले, ‘युरो’. त्यामुळे 1999 मध्ये युरोपच्या अकरा देशांचे अर्थमंत्री ज्या शब्दासाठी रात्रीचा दिवस करत होते, तो शब्द तोक्योच्या शिबुया भागातल्या मुलीच्या तोंडी अगदी वेगळ्या अर्थाने आधीच रुळलेला होता.

येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. हे शब्द मुलांचे कुठे आहेत, ते तर बाजाराने दिलेले आहेत, असे कुणी म्हणेल. एवेक्स ही 1988 मध्ये तबकड्या आयात करणारी घाऊक विक्रेती म्हणून सुरू झालेली कंपनी. तिनेच गाणी विकली, तोक्योच्या रोप्पोंगी भागातला वेल्फारे हा अवाढव्य क्लबही तिच्याच समूहाचा, आणि फुरी शिकवणाऱ्या व्हिडिओ कॅसेटही तिने काढल्या. मग यात लोकभाषा कोणती आणि जाहिरात कोणती? आक्षेप अर्धा खरा आहे. खरा अर्धा भाग ‘ऑफिशियल’ या शब्दात दडलेला आहे. सुरुवातीला फुरी बसवत ती डिस्कोतली ‘कुरोफुकु’ मंडळी. कुरोफुकु म्हणजे काळे कपडे. काळ्या सुटातले हे पोरगे दारावर उभे राहत, टेबले लावत, ओळखीच्या गिऱ्हाइकांना पुढे घेत आणि मधल्या वेळात नाचून दाखवत. त्यांचे पाहून नेहमीची मंडळी शिकत. एकाच गाण्याची एका डिस्कोत एक फुरी आणि दुसऱ्या डिस्कोत दुसरी असणे यात कुणाला वावगे वाटत नसे, आणि ती शिकण्याचा रस्ता एकच होता, दर आठवड्याला तिथे जाऊन मागच्या रांगेत उभे राहणे. कॅसेट आल्यावर हे बदलले. जी फुरी कॅसेटवर, ती अधिकृत. बाकीच्या आपोआप अनधिकृत झाल्या. 1999 ते 2001 या पारापाराच्या लोकप्रियतेच्या तिसऱ्या लाटेत ही कॅसेटच गावोगावच्या मुलांची गुरू झाली, आणि क्लबात पाऊल न टाकलेली शाळकरी मुलगी आपल्या खोलीत बसून तोक्योची फुरी शिकू लागली.

यात काही हरवले हे मला मान्य आहे. पण ‘ऑफिशियल’ हा शब्द जन्माला आला म्हणूनच त्याच्या विरुद्ध बाजूचे शब्दही जन्माला आले, आणि ते बाजाराने दिलेले नव्हते. ॲनिमेच्या गाण्यांवर बसवलेला तो ‘आनिपारा’. टेक्नो संगीतावर नाचायचा तो ‘तेकुपारा’, ट्रान्स संगीतावर नाचायचा तो ‘तोरापारा’. ही नावे बाहेरच्याला सारखीच वाटतील. परंतु तोरापारा करणारा आणि युरोवर पारापारा करणारा यांच्या वेगात, हातांच्या फेकीत, अगदी उभे राहण्याच्या ढबीतही फरक असतो, आणि तो फरक त्यांनी शब्दात नोंदवून ठेवला. पारापारा करणाऱ्याला ते ‘पारारिसुतो’ म्हणतात. प्रत्यय इंग्रजीचा, घडण जपानी, आणि अर्थ असा की हा माणूस नुसता नाचत नाही, याला शेकड्याने फुरी पाठ आहेत.

पाठ असणे ही इथली प्रतिष्ठा आहे, आणि पारापाराच्या टीकाकारांचा सर्वांत आवडता मुद्दाही नेमका हाच आहे. पन्नास माणसे एकसारखे हात हलवतात, यात व्यक्तीचे स्वातंत्र्य कुठे, ही तर कवायत झाली, असे ते म्हणतात. मग त्यावरून जपानी समाजाच्या कळपवृत्तीपर्यंत मजल जाते. मला हा युक्तिवाद आळशी वाटतो. शाळेच्या मैदानावर लेझीम खेळलेल्या माणसाला तर तो पटूच नये. सगळ्यांचा हात एकदम वर गेला की जो आवाज होतो तो एकट्याच्या लेझमीतून येत नाही, आणि त्या आवाजात आपली लेझीम कुठेतरी आहे हे आपल्याला आतून कळते. पारापाराच्या रांगेत स्वातंत्र्य आहे, फक्त ते मुद्रा बदलण्याचे नाही. ती कशी करायची याचे आहे. जाणकार मंडळी व्हिडिओ पाहून सांगतात की हिचे मनगट सैल आहे, याचा हात साबीच्या आधी अर्धा ठोका लवकर निघतो. ठरलेल्या बंदिशीत गवय्याची जागा कोणती, हा प्रश्न विचारणाऱ्या आपल्यासारख्यांना हे परके वाटायचे कारण नाही.

आता बाहेरच्यांनी वापरलेल्या शब्दांकडे वळू. 1999 नंतर पारापारा दूरचित्रवाणीवर आला. किमुरा ताकुया या त्या काळच्या अफाट लोकप्रिय गायक-अभिनेत्याने एका विनोदी कार्यक्रमात तो केला, कोनामी कंपनीने 2000 मध्ये हाताच्या हालचाली टिपणारे सेन्सर लावलेले त्याचे यंत्र खेळघरांत आणले आणि तोक्यो डिस्नेलँडमध्ये मिकी माउसही युरोबीटवर हात हलवू लागला. याच सुमारास हा नाच करणाऱ्या मुलींवर ‘ग्यारु’ हे लेबल घट्ट बसले. ग्यारु म्हणजे इंग्रजी ‘गॅल’. त्यांतल्या ज्या चेहरा गडद तपकिरी करून घेत त्या ‘गानगुरो’, आणि ज्या त्यावर डोळ्यांभोवती आणि ओठांवर पांढरा रंग लावत त्या ‘यामान्बा’. यामान्बा ही जपानी लोककथांतली डोंगरात राहणारी, केस पिंजारलेली हडळ. शिवी म्हणून फेकलेला हा शब्द मुलींनी झेलला, आखूड करून त्याचा ‘मान्बा’ केला आणि बिल्ल्यासारखा मिरवला. मग त्यांच्यासारखेच रंगणारे मुलगे दिसू लागले तेव्हा त्यांना नाव मिळाले ‘सेन्ता-गाइ’. शिबुयातल्या ज्या गल्लीत ही मंडळी पडीक असत तिचे नाव सेन्ता-गाइ, म्हणजे मधली पेठ. त्यातल्या ‘गाइ’ या पेठवाचक अक्षराच्या जागी इंग्रजी ‘गाय’ म्हणजे बाप्या बसवला की झाला शब्द तयार. एका अक्षराच्या या कोटीत जागा, माणूस आणि त्याची थट्टा तिन्ही आहेत. अशी कोटी आपल्याकडच्या एखाद्या विनोदी लेखकाने केली असती तर आपण ती वर्षानुवर्षे एकमेकांना ऐकवत राहिलो असतो.

माध्यमांनी मात्र हे सगळे एका पोत्यात भरले. आजही जपानच्या सुबत्तेच्या काळाविषयी काही दाखवायचे असेल तर तोक्योच्या शिबाउरा भागातल्या ‘जुलियानाज तोक्यो’ या क्लबची दृश्ये दाखवतात: अंगाला चिकटलेल्या तोकड्या पोशाखातल्या स्त्रिया ‘ओताचिदाइ’ म्हणजे उंच ओट्यावर चढून पिसांचे पंखे हलवत आहेत. जुलियानाज उघडले 1991 च्या मे महिन्यात आणि बंद झाले 1994 च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे सुबत्तेचा फुगा फुटल्यानंतर. तिथले संगीत टेक्नो होते, युरोबीट नव्हते. तिथल्या नाचाला ठरलेली फुरी नव्हती. पंख्याचा नाच आणि पारापारा एकच, असे मानणारे लोक तरीही पावलोपावली भेटतात. नाचणाऱ्यांना एक प्रश्न विचारला असता तरी ही चूक टळली असती: याची फुरी कोणती?

आणि शेवटी जागेचा शब्द. नाचणारे जागेला ‘हाको’ म्हणतात, म्हणजे खोका. हाको लहान आहे, हाको भरला, त्या हाकोचा आवाज चांगला आहे. सामान्य भाषेत तोच ‘कुराबु’, आणि इथे जपानी कानाची एक सूक्ष्म गोष्ट आहे. शब्दाच्या पहिल्या अक्षरावर सूर चढवून पुढे उतरवला तर कुराबु म्हणजे शाळेतले क्रीडामंडळ किंवा जिथे यजमानीण शेजारी बसून मद्य ओतते तो महागडा बार. सूर सपाट ठेवला, उतरू दिला नाही, तर कुराबु म्हणजे नाचायची जागा. 1990 च्या दशकात डिस्को हा शब्द जुना होऊन क्लब आला तेव्हा तरुणांनी लिपीत काहीही न बदलता केवळ सुराच्या चढउताराने हे दोन धंदे वेगळे केले. पण कायद्याच्या पुस्तकात सूर छापता येत नाही.

तो कायदा 1948 चा. नाव ‘फूझोकु’ व्यवसायांविषयीचे. फूझोकु म्हणजे मुळात रीतिरिवाज, लोकाचार. कालांतराने बोलीत या शब्दाचा अर्थ घसरत घसरत देहविक्रयाच्या आसपासचे धंदे इथवर आला. युद्धोत्तर काळातल्या डान्स हॉलांमध्ये नाचाच्या आडून वेश्याव्यवसाय चाले, म्हणून नाच या यादीत आला. कारण त्या वेळी खरे होते. पण पुढे साठ-पासष्ट वर्षे ‘नाच आणि खाणेपिणे एकत्र’ या वर्णनात बसणारे प्रत्येक ठिकाण यजमानीणींच्या बारच्या पंक्तीला बसवले गेले, त्याला मध्यरात्री, फार तर काही भागांत एक वाजता, दार लावणे भाग पडले, आणि परवाना हवा तर किमान 66 चौरस मीटरची जागा हवी अशी अट पडली; छोट्या हाकोंना ती झेपण्यासारखी नव्हती. त्यामुळे बहुतेक क्लब परवान्याशिवाय, पोलिसांच्या डोळेझाकेवर चालत. 1998 मध्ये कायद्यात एक खिडकी उघडली, ती मान्यताप्राप्त शिक्षक असलेल्या बॉलरूम नृत्यशाळांपुरती. ज्या नाचाला प्रमाणपत्र देणारी संस्था होती तो सुटला. ज्याचे गुरू काळ्या सुटातले वेटर होते तो अडकला.

2010 मध्ये ओसाकाच्या अमेरिकामुरा भागात क्लबशी संबंधित मारामारीत एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला आणि डोळेझाक संपली. गोंगाट, अमली पदार्थ, रस्त्यावरची दादागिरी या तक्रारीही खोट्या नव्हत्या, आणि शेजारच्या इमारतीत झोपू पाहणाऱ्या माणसाचा हक्क नाचणाऱ्याच्या हक्काहून कमी नाही. पण या तक्रारींसाठी गोंगाटाचे, अमली पदार्थांचे, मारामारीचे कायदे होते. पोलिसांनी हाती घेतला तो नाचाचा. 2012 च्या एप्रिलमध्ये ओसाकाच्या नून या क्लबवर छापा पडला आणि परवान्याशिवाय गिऱ्हाइकांना नाचवल्याबद्दल चालकावर खटला भरला गेला. त्याच एप्रिल महिन्यापासून जपानच्या माध्यमिक शाळांमध्ये नृत्य हा शारीरिक शिक्षणातला सक्तीचा विषय झाला होता. ‘दान्सु ओ सासेरु’: शाळेत सरकारच मुलांना नाचवत होते.

देशभरच्या क्लबांत ‘नाचू नये’ अशा पाट्या लागल्या. संगीत चालू, माणसे उभी, पण पाय थिजलेले. मान हलवली तर तो नाच का, ठेका धरला तर तो नाच का, हे प्रश्न विनोदाने विचारले जात होते, पण न्यायालयात ते गांभीर्यानेच विचारावे लागले. 2014 मध्ये ओसाकाच्या जिल्हा न्यायालयाने चालकाला निर्दोष ठरवले. कायद्याला अभिप्रेत असलेला नाच म्हणजे लैंगिक नीतिमत्ता बिघडवण्याचा खरोखरचा धोका असलेला नाच, आणि त्या रात्री तिथे तसे काही चालले नव्हते, असा त्या निकालाचा आशय. दरम्यान कायदा बदलावा यासाठी दीड लाखाहून अधिक सह्या गोळा झाल्या होत्या. 2015 मध्ये दुरुस्ती झाली, 2016 च्या जूनमध्ये ती लागू झाली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही निर्दोषत्व कायम केले.

न्यायालयाला जो अर्थ लावायला खटल्याची दोन वर्षे लागली, तो नाचणाऱ्यांच्या कोशात वीस-पंचवीस वर्षे पडून होता. ‘फुरी’, ‘साबी’, ‘पारारिसुतो’ हे शब्द ज्या नाचाचे आहेत त्यात जोडीदार नाही, स्पर्श नाही, यजमानीण नाही, पाठांतर मात्र भरपूर आहे. 1948 च्या डान्स हॉलची भीती या नाचाला लावणे म्हणजे वाचनालयाला गुत्त्याचा नियम लावण्यासारखे होते. हे मी नून क्लबमधल्या नाचाला पारापारा ठरवण्यासाठी म्हणत नाही. तो वेगळा होता, आणि माझा मुद्दाच असा आहे की वेगवेगळ्या नाचांना वेगवेगळी नावे आहेत.

महाराष्ट्राने याच प्रश्नाची आपली आवृत्ती पाहिलेली आहे. 2005 मध्ये पोलीस अधिनियमात जी दुरुस्ती झाली तिने उपाहारगृहे, परमिट रूम आणि बिअर बार यांत ‘कोणत्याही प्रकारच्या’ नृत्याचा कार्यक्रम करायला मनाई केली आणि लगेच पुढच्याच कलमात तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना आणि जिमखान्यांना सूट दिली. प्रकरण अर्थातच निराळे होते. इथे नाचत होत्या त्या पोटासाठी नाचणाऱ्या स्त्रिया, आणि गिऱ्हाईक बसून पाहत होते. त्यात शोषणाचे प्रश्न होते आणि ते खरे होते. पण शब्दाची चूक तीच होती. कोणत्याही प्रकारचे म्हणताना प्रकार कोणते हे पाहिलेच नाही, आणि मग वर्गवारी केली ती नाचाची नव्हे तर हॉटेलच्या ताऱ्यांची. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये हे टिकू दिले नाही. 2016 च्या नव्या कायद्यात ‘अश्लील नृत्य’ असा शब्द आला, आणि 2019 मध्ये त्यातल्याही अनेक अटी पडल्या. बारमध्ये नाचणाऱ्या बायकांपैकी कितीजणी पिढीजात कलावंत समाजांतल्या होत्या, आणि त्या आपल्या कामाला, आपल्या अदांना कोणत्या नावांनी ओळखत होत्या, हे त्या वर्षांतल्या विधिमंडळातल्या भाषणांपेक्षा आपल्याला बरेच काही शिकवून गेले असते.

मग करायचे काय? तक्रार पोलिसांपुरती ठेवून भागणार नाही, कारण शब्द गोळा करणे हे त्यांचे काम नाही. ते कोशकारांचे, ग्रंथालयांचे, विद्यापीठांचे काम आहे. जपानमध्ये 1948 पासून, म्हणजे योगायोगाने तो कायदा झाला त्याच वर्षापासून, दरवर्षी नव्या शब्दांचा वार्षिक कोश निघतो, आणि 1984 पासून वर्षाच्या शब्दांना पारितोषिकेही दिली जातात. पण अशा उपक्रमांत शब्द शिरतो तो टीव्हीवर गाजल्यावर. आणि टीव्हीवर गाजलेला शब्द बहुधा बाहेरच्यांनी दिलेला असतो. गानगुरो सगळ्यांना माहीत झाला. बी-मेरोच्या शेवटच्या दोन ठोक्यांना हात कुठे असावा हे एकमेकांना सांगताना वापरलेली भाषा कुणी नोंदवली नाही. ती राहिली जुन्या कॅसेटच्या वेष्टनांवर, कार्यक्रमांच्या पत्रकांवर, आणि आता पन्नाशीकडे झुकलेल्या पारारिसुतोंच्या तोंडी. वेल्फारे 2007 च्या पहिल्या दिवशी बंद झाले. अशा हाकोंबरोबर त्यांच्या भिंतींवरचे कागदही जातात.

2016 नंतर जपानच्या कायद्यात मध्यरात्रीनंतर चालणाऱ्या क्लबसाठी नवी कसोटी आली, ती प्रकाशाची. जागेत दहा लक्सपेक्षा जास्त उजेड हवा, म्हणजे साधारण सिनेमागृहात मध्यंतराला असतो तेवढा. नाच हा शब्द परवान्याच्या कसोटीतून वगळला गेला, आणि मला वाटते ते बरेच झाले. ज्याची व्याख्या करता येत नाही त्यावर परवाना देण्यापेक्षा ज्याचे मोजमाप करता येते त्यावर दिलेला बरा. त्यामुळे आज निरीक्षकाच्या हातात उजेडाचे मीटर असते, आणि गिऱ्हाईक काय करत आहे ते त्याला पाहावे लागत नाही.

आमच्या घरातली ती फुरी अजून पुरती बसलेली नाही. परवा मुलीने विचारले, “बाबा, नेमकं कुठे चुकतंय तुमचं?” तेव्हा मला उत्तर देता आले: बी-मेरोतून साबीत जाताना उजवा हात उशिरा निघतो. तिने फोन पुन्हा डब्याला टेकवला आणि फक्त तेवढाच तुकडा लावला.